विहिणीचं तिकीट

वीरधवलचा फोन आला तेव्हा शालन सकाळची धार काढून नुकतीच ओट्यावर टेकली होती. एकुलता एक लेक, न्यूझीलंडात हॅमिल्टन नावाच्या गावाजवळ दुधाच्या मोठ्या कारखान्यात नोकरीला. इकडं सकाळचे सात म्हणजे तिकडं दुपारचे अडीच, हे गणित शालनला आता झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

"आई, प्रांजलच्या मम्मीचा व्हिसा आला बघ. तिकीटबी काढलं. सोळा तारखेला संध्याकाळी मुंबईतनं निघणार त्या."

"बरं झालं," शालन म्हणाली. "पोरीला आधार झाला."

"लय टेन्शन गेलं बघ माझं. तू तीन महिन्यांनी ये. मम्मी परत गेल्या की. घर लहान हाय गं, दोघी एकदम न्हाई जमायचं."

"येईन की," ती म्हणाली आणि फोन ठेवून दुधाच्या किटलीकडं बघत बसली. डेअरीची गाडी हॉर्न वाजवून वाजवून पुढं निघून गेली तरी ती उठली नाही.

पहिलं बाळंतपण माहेरचं, हे शालनला कुणी शिकवायला नको होतं. रीतीनं पाहिलं तर सुनेच्या आईनंच करायचं. पण हे बाळंतपण काही विहिणीच्या कुपवाडच्या घरी होणार नव्हतं. ते होणार होतं शालनच्या लेकाच्या घरात. घर माझ्या पोराचं, नातवंड माझ्या घराण्यातलं, आणि उंबऱ्यात पहिलं पाऊल पडणार वैजयंताबाईचं! हा विचार एकदा मनात शिरला तो शिरलाच. दोन वर्षांपूर्वी वीरधवलच्याच सांगण्यावरनं तिनं साताऱ्याला जाऊन बोटांचे ठसे दिले होते, पासपोर्ट काढला होता. तो कपाटात शालूच्या घडीत ठेवलेला होता. त्याच्या एकाही पानावर शिक्का नव्हता. आणि जिनं डिसेंबरात घाईघाईनं पासपोर्ट काढला तिला व्हिसासुद्धा मिळाला. फॉर्म प्रांजलनं भरला होता ना. आईचा भरला, सासूचा राहिला.

तिचे यजमान सयाजीराव सुभेदार होऊन फौजेतून निवृत्त झालेले. त्यांना आकड्यांची भारी हौस. त्यांनी मोबाइलवर शोधून लगेच सगळं कॅलेंडरच्या पाठीमागं उतरवून काढलं.

"हे बघ. मुंबई ते सिंगापूर तीन हजार नऊशे किलोमीटर, साडेपाच तास. तिथं चार तास बसायचं. मग सिंगापूर ते ऑकलंड आठ हजार चारशे, दहा तास. एकूण बारा हजार तीनशे. वीस तासांत खेळ खलास! एवढ्या वेळात आपली जम्मूची गाडी निम्म्या वाटंला पण जात नव्हती."

"मला कशाला सांगताय? मला थोडंच जायचंय?" शालन फटकन म्हणाली.

पण आकडे तिच्या डोक्यात पक्के बसले.

नऊ तारखेला वैजयंताबाई आणि तिचे यजमान नानासो गाडी करून फलटणला आले, शालननं द्यायच्या वस्तू न्यायला. शालनची घरच्या तुपातले डिंकाचे लाडू द्यायची फार इच्छा होती, पण लेकानं आधीच सांगून ठेवलं होतं, तिकडं खाण्यापिण्याची तपासणी कडक असते, दुधातुपाचं काही पाठवू नकोस. मग राहिलं काय? मऊ सुती लुगड्याची हातानं टाचलेली वाकळ आणि चार झबली. तेवढंच तिच्या हातचं तिकडं जाणार होतं, तेही दुसरीच्या बॅगेतून.

वैजयंताबाई अंगानं भरलेली, मनानं मोकळी बाई. गाडीतून उतरली तेव्हा नऊवारीसारख्या चोपून नेसलेल्या साडीखाली पांढरेशुभ्र बूट होते.

"हसू नका बरं का ईनबाई," ती स्वतःच हसत म्हणाली. "प्रांजल म्हणाली, मम्मी, विमानतळावर लय चालाय लागतंय, बूट घे. घरात घालून सवय करायला लागलीया."

चहा झाला, जेवण झालं. वैजयंताबाईच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात 'प्रांजल म्हणाली' अशी, नाहीतर 'जावईबापू म्हणाले' अशी.

"जावईबापू रोज सकाळी फोन करत्यात हो. मम्मी गोळी घेतली का, मम्मी घाबरायचं न्हाई. पोटच्या पोरासारखी माया करत्यात."

रोज? शालनच्या हातातला तांब्या थांबला. तिला दोन दिवसांआड फोन यायचा, तोही कामावर जाता जाता, पाच मिनिटांचा. ती हसली, पण आत कुणीतरी चुलीतलं लाकूड ओढून चटका द्यावा तसं झालं.

दुपारी पुरुषमंडळी उसाची तोड बघायला रानात गेली. दोघी बायका सोप्यात वाकळीची घडी घालत बसल्या. तेव्हा वैजयंताबाईनं आवाज खाली केला.

"ईनबाई, एक विचारू? कुणापाशी बोलले न्हाई मी. तुमचे मालक फौजेत असताना विमानात बसल्यात न्हवं? कसं असतंय हो ते? आत कोंडल्यागत हुतंय का?"

शालनला चांगलं ठाऊक होतं ती का विचारतेय ते. तीन वर्षांपूर्वी नानासोंचं मिरजेला ऑपरेशन झालं तेव्हा ही बाई आठ दिवस रोज चार मजले चढून जायची. गुडघे धरून चढायची, पण लिफ्टमध्ये पाऊल टाकायची नाही. लहानपणी धान्याच्या कणगीत अडकली होती म्हणे.

त्या वेळी शालनला खरं सांगता आलं असतं. पांढऱ्या बुटांकडं तिची नजर गेली आणि तोंडातून वेगळंच निघालं.

"आता खोटं कशाला सांगू? एकदा दार लागलं की लागलं. मग जीव गेला तरी उघडत न्हाईत. पयला टप्पा साडेपाच तासांचा, तो तरी बरा. सिंगापूरच्या म्होरं आठ हजार चारशे किलोमीटर. दहा तास. खाली नुसतं पाणी. उतराय म्हटलं तर जमीनच न्हाई."

वैजयंताबाईचा हात वाकळीवर तसाच राहिला. "आन कुणाला मधीच काय झालं तर?"

"तर काय? आमच्या वळखीतली एक बाई हुती, गिरवी गावची. ती घाबरून उठून दाराकडं पळाली. चौघांनी धरून तिला पट्ट्यानं बांधून ठेवलं, म्हणं."

अशी कुणी बाई गिरवीत नव्हती. बोलता बोलताच शालननं तिला जन्माला घातलं होतं.

"पर तुमी नका काळजी करू," ती वर म्हणाली. "तुमचं मन घट्ट हाय."

संध्याकाळी गाडी निघाली तेव्हा वैजयंताबाई गप्प गप्प होती. शालनला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच थोडी लाज वाटली. मग सांजच्या कामात ती तेही विसरली.

बारा तारखेला वीरधवलचा फोन आला. त्याची वेळ नव्हती, तेव्हाच तिला कळलं काहीतरी बिनसलंय.

"आई, प्रांजलच्या मम्मी यायला तयार न्हाईत. काल रात्रीपासनं रडत्यात. म्हणतात मला न्हाई जमणार, विमानात माझा जीव जाईल. ईनबाईंना पाठवा म्हणतात."

शालनच्या छातीत एकदम उकळी फुटली. खोटं कशाला बोला, तो आनंदच होता. शालूची घडी, पासपोर्ट, कुठली बॅग घ्यायची, म्हशी कुणाकडं लावायच्या, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढं येऊन गेलं.

"मग येते की मी! सोळाला न्हवं?"

"कशी येशील आई? व्हिसा कुठाय तुझा? आज अर्ज केला तरी महिना जातोय."

कपाटाकडं निघालेली शालन परत खाली टेकली.

"प्रांजलचं बीपी वाढलंय. डॉक्टर म्हणतात कदाचित आधीच दवाखान्यात न्यायला लागंल. मला रजा एकच आठवडा मिळतीया. आई, इथं आमचं कोण हाय गं?"

त्याच्या मागं कुठंतरी प्रांजल रडत होती. मोठ्यानं नाही. उशीत तोंड खुपसून रडावं तशी. "मम्मी आली असती तर," एवढंच शालनला ऐकू आलं. तिची सून तिला 'आई' म्हणायची, आणि आपल्या आईला 'मम्मी'. या दोन शब्दांत किती अंतर आहे हे मोजायचा शालननं अनेकदा प्रयत्न केला होता. आज त्या रडण्यात तिला तिसरंच काहीतरी ऐकू आलं. पंचवीस वर्षांची पोर, परक्या मुलखात, घाबरलेली.

फोन बंद झाल्यावर सयाजीरावांनी विचारलं, "काय झालं? तोंड का असं उतरलंय?"

"मी केलं हे," शालन म्हणाली. आणि सगळं सांगून टाकलं.

सयाजीरावांनी हातातला मोबाइल बाजूला ठेवला. मग चष्मा काढून म्हणाले, "तू जम्मूला आलीस तवा वीरधवल दीड वर्षाचा हुता. दोन रात्री गाडीत. एकटी. तवा तुला कुणी असं सांगितलं असतं तर?"

एवढंच. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एसटी धरली. दहिवडी, मायणी, विटा, तासगाव. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत होती, आणि सांगलीला पोचायला पाच तास लागले. दीडशे किलोमीटरला पाच तास! एवढ्या वेळात ते विमान सिंगापूर गाठत आलं असतं. सबंध वाटेत शालन मनातल्या मनात बोलायचं जुळवत होती आणि प्रत्येक थांब्याला ते मोडत होतं.

सांगलीलगत कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नानासोंचं छोटं वर्कशॉप, आणि त्याच्या मागंच घर. दोन लेथ मशिनी घरघरत होत्या. नानासो हात पुसत बाहेर आले.

"आलायसा? लय बरं केलंसा. तुमचं तरी ऐकत्यात का बघा. माझं तर सगळं सांगून झालं."

वैजयंताबाई आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. शेजारी बॅग उघडी. भरलेले कपडे परत काढून कपाटात लावायचं चाललं होतं. डोळे सुजलेले.

शालन आधी गोडीनंच बोलली. जम्मूची गोष्ट सांगितली. वाटेत पोराला ताप आला, दिल्लीत पाणी मिळेना, तरी पोचलेच की. वीस तास म्हणजे काय मोठंसं न्हाई. वैजयंताबाई नुसती मान हलवत राहिली.

"गाडीचं येगळं हो ईनबाई. गाडी थांबती. खिडकी उघडती. त्या गिरवीच्या बाईचं ऐकल्यापासनं माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. मला कुणीतरी पट्ट्यानं बांधतंय असं दिसतंय."

मग शालनला पुढं जुळवता येईना. जुळवलेलं सगळं संपलं होतं.

"गिरवीची बाई न्हाई," ती म्हणाली.

"आं?"

"तशी कुणी बाईच न्हाई. मी रचलं ते."

बाहेर लेथचा आवाज चालू होता. वैजयंताबाईनं हातातली साडी खाली ठेवली. "कशापायी?"

"जळत हुते मी. तुमी जाणार, तुमी पयल्यांदा बाळ घेणार. माझा पोरगा तुमास्नी रोज फोन करतोय. मला दोन दिवसांआड. तुमची भीती मला म्हाईत हुती. म्हणून तिथंच बोट घातलं."

वैजयंताबाई उठली. शालनला वाटलं, आता ही हाताला धरून बाहेर काढणार. ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

"माझी पोर तिकडं रडतीया," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण तो आता भीतीनं कापत नव्हता. "चार दिस मी सोताला शिव्या देतीया. कसली आई मी, पोरीसाठी एका विमानात बसवंना. आन तुमी तिकडं म्हशीची धार काढत बसलायसा!"

"व्हय," शालन म्हणाली. "खरं हाय."

"व्हय काय म्हणताय? काहीतरी बोला की!"

"काय बोलू? माफी मागाय आले हुते. पर माफीनं तुमी विमानात बसणार हाय का?"

नानासो दारात येऊन डोकावले आणि न बोलता परत गेले. मग वैजयंताबाईनं नाक पुसलं.

"खरं सांगा आता. दार लागल्यावर कसं असतंय?"

"मलाबी म्हाईत न्हाई. मी बसलेच न्हाई कवा."

यावर मात्र वैजयंताबाईला हसू फुटलं, रागातलंच, पण फुटलं. "म्हंजे तुमाला कायच म्हाईत न्हाई!"

"कायबी न्हाई. पर एक करू या का? लिफ्टमधी बसू. मी असते बरोबर."

सांगलीच्या विश्रामबाग भागात नानासोंच्या ओळखीच्या माणसाचं ऑफिस होतं, सात मजली इमारतीत. मधले दोन दिवस सोडले तर हातात वेळच नव्हता, म्हणून दोघी त्याच दुपारी रिक्षा करून तिकडं गेल्या. पहिल्यांदा दार लागलं तेव्हा वैजयंताबाईनं शालनचं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. पहिल्या मजल्यावरच ती बाहेर पडली आणि जिन्यावर बसून धापा टाकू लागली. शालन शेजारी बसली. दहा मिनिटांनी वैजयंताबाई म्हणाली, "चला."

दुसऱ्यांदा तिसऱ्या मजल्यापर्यंत. मग पाचव्या. खालचा वॉचमन दोन-तीन वेळा बघून शेवटी म्हणाला, "मावशी, कुणाकडं जायचंय तुमाला?"

"कुणाकडंच न्हाई," शालन म्हणाली. "आमी अशाच जातोय."

"लाइट बिल कोण भरणार?"

"आवं, आजी हुणाराय ही. गप बसा की जरा."

अकराव्या फेरीला वैजयंताबाईनं डोळे उघडे ठेवले. खालून वर, वरून खाली. सतराव्या फेरीला तिनं मनगट सोडलं. शालनच्या हातावर चार बोटांचे वळ उठले होते. "अजून भीती वाटतीया," बाहेर आल्यावर वैजयंताबाई म्हणाली. "पर बसंन मी. तुमच्या नाकावर टिच्चून बसंन."

"बसा," शालन म्हणाली.

सोळा तारखेला सगळेच मुंबईला गेले. विमानतळावर माणसांचा आणि ट्रॉल्यांचा समुद्र. नानासोंनी वीरधवलच्या सांगण्यावरनं चाकाच्या खुर्चीची सोय मागितली होती, म्हणजे कुणीतरी कर्मचारी शेवटपर्यंत बरोबर राहील. निळ्या गणवेशातली एक हसरी पोरगी खुर्ची घेऊन आली. वैजयंताबाई तीत बसली. पांढरे बूट, मांडीवर पर्स, पर्समध्ये भीमरूपीची छोटी पुस्तिका.

शालन पाया पडायला वाकणार तेवढ्यात वैजयंताबाईनं तिला कोपराला धरून थांबवलं. "आता नका. आल्यावर बघू काय ते."

खुर्ची काचेच्या दारातून आत गेली. आणि तिथं, त्या गर्दीत, शालनच्या पोटात तीच जुनी आग पुन्हा भडकली. कबुली दिली, एसटीत पाच तास हाडं खिळखिळी केली, सतरा वेळा वरखाली केलं, तरी आग होती तिथंच होती. उद्या संध्याकाळपर्यंत ही बाई माझ्या पोराच्या घरात असेल. माझ्या पोराला जेवायला वाढेल. शालननं दातांवर दात दाबले आणि दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. आतून वैजयंताबाईनं मागं वळून पाहिलं की नाही ते गर्दीत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सयाजीराव घरी मोबाइलवर विमान कुठं आहे ते बघत बसले. "आता इंडोनेशिया ओलांडलं... आता ऑस्ट्रेलियावर हाय. बघ, खाली जमीन हाय गं. नुसतं पाणी म्हणत हुतीस."

"बंद करा ते," शालन म्हणाली, आणि दर अर्ध्या तासानं आत येऊन "कुठवर आलं?" विचारत राहिली.

दुपारी तीनच्या सुमाराला वीरधवलचा मेसेज आला. पोचल्या. मग वैजयंताबाईचाच आवाज, रेकॉर्ड केलेला, दमलेला: "ईनबाई, पोचले हो. सिंगापूरपर्यंत डोळे मिटून हुते. म्होरच्या विमानात शेजारी एक पंजाबी म्हातारी हुती, ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली हुती. तिचा हात मी धरला. तीनदा जेवण दिलं. बेचव हुतं."

सहा दिवसांनी, तारखेच्या बऱ्याच आधी, मुलगी झाली. सकाळची वेळ. व्हिडिओवर आधी दवाखान्याचा पांढरा पडदा दिसला, मग वीरधवलचं न झोपलेलं तोंड, मग प्रांजल. फिकी, पण हसत होती. आणि शेवटी वैजयंताबाई, हातात गुंडाळलेलं गाठोडं.

"आई," प्रांजल म्हणाली, "मम्मी म्हणते तुम्हीच तिला विमानात बसवलं. असं काय सांगितलं तुम्ही तिला? मी दोन दिवस समजावत होते, माझं ऐकलं नाही तिनं."

पडद्यावर वैजयंताबाईनं सरळ शालनकडं पाहिलं.

"ते आमचं दोघींचं हाय," ती लेकीला म्हणाली. मग फोन हातात घेऊन खोलीच्या कोपऱ्यात गेली आणि हळू आवाजात बोलली, "सांगितलं न्हाई मी. सांगणारबी न्हाई. पर इसरलेबी न्हाई, बरं का."

"नका इसरू," शालन म्हणाली.

"बघा आता तुमची नात. डोळे उघडतीया."

पोरीनं तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला. एवढ्याशा जिवाचा आवाज ओटा ओलांडून गोठ्यापर्यंत गेला.

फोन संपल्यावर सयाजीराव, ज्यांना पाठीमागं उभं राहून काहीच नीट दिसलं नव्हतं, अधीर होऊन म्हणाले, "अगं, कुणावर गेलीया पोरगी? आपल्या वीरधवलवर का?"

शालननं पदर सावरला. "तोंडवळ्याचं आत्ताच काय सांगावं? पर आवाज ईनबाईंचा हाय. तसाच मोकळा."

म्हणताना आत खुपलंच. पण जे निघालं ते खरं निघालं, आणि ती म्हशींना वैरण टाकायला उठली.